बॅगलेस व्हॅक्युम क्लीनर घ्यायचा का? सास्तूरसारख्या गावातल्या घराच्या हिशोबाने फायदे आणि तोटे

घटस्थापना आठ-दहा दिवसांवर आली की धाराशिव जिल्ह्यात घरोघरी 'दसरा काढणं' सुरू होतं. वाकळा-गोधड्या धुवायला निघतात, फळीवरची भांडी खाली येतात, कोपऱ्यातली जळमटं काढली जातात. नेमकं त्याच सुमारास सोयाबीन काढणीला आलेलं असतं. मळणीयंत्र सुरू झालं की भुसकटाची बारीक धूळ वाऱ्यावर गावात येते आणि सकाळी झाडलेलं घर दुपारी पुन्हा पांढुरकं दिसायला लागतं.

आणि याच दिवसांत मोबाईलवर सणाच्या सेलच्या जाहिराती धडकतात. 'बॅगलेस व्हॅक्युम क्लीनर, बॅग बदलायची कटकट नाही, खर्च नाही!' पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली मुलं तो ऑर्डर करून गावी आईकडे पाठवतात. काही घरांत तो दर आठवड्याला वापरला जातो, काही घरांत दोन महिन्यांत माळ्यावर जातो.

हा फरक का पडतो? बॅगलेस म्हणजे नेमकं काय, त्याचा फायदा कुणाला, तोटा कुणाला, आणि लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात तो घ्यावा का, हे सविस्तर बघूया.

थोडक्यात उत्तर

बॅगलेस यंत्रात बॅगेचा खर्च वाचतो, पण बॅग जे काम करत होती ते संपत नाही. ते काम तुमच्याकडे येतं. धूळ हाताने टाकायची, फिल्टर धुवायचा, वाळवायचा. हे काम घरात कोण करणार हे ठरलेलं असेल आणि त्या माणसाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी नसेल, तर बॅगलेस चांगला. नसेल, तर स्वस्त वाटणारी वस्तू महाग पडू शकते.

'बॅगलेस कॅनिस्टर' म्हणजे काय?

कॅनिस्टर म्हणजे दोन चाकांवर जमिनीवरून ओढत न्यायचं यंत्र. मोटर आणि धुळीचा डबा खाली, त्याला लवचिक पाईप, पाईपला लांब नळी आणि टोकाला ब्रश. उभ्याने वापरता येतं. वजन जमिनीवर राहतं, हातात फक्त नळी असते.

जुन्या पद्धतीच्या यंत्रात आत कागदाची किंवा कापडाची पिशवी असते. मोटर हवा ओढते, हवा पिशवीच्या छिद्रांतून पलीकडे जाते, धूळ पिशवीत अडकते. म्हणजे पिशवी हा धूळ साठवायचा डबाही असतो आणि पहिला फिल्टरही.

बॅगलेसमध्ये पिशवीच्या जागी प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा असतो. हवा त्या डब्यात सरळ न येता कडेने, तिरकी येते. त्यामुळे ती गोल फिरायला लागते. उन्हाळ्यात रानात वावटळ उठते ना, तशीच छोटी वावटळ डब्यात तयार होते. फिरताना जड कण बाहेरच्या भिंतीवर आपटतात, त्यांचा वेग जातो आणि ते तळाला पडतात. हवा मधून वर निघून जाते.

खळ्यावर वारं देताना दाणा जवळ पडतो आणि भुसकट लांब उडतं. इथेही वजनावरूनच निवड होते. पण खळ्यावरची अडचण इथेही आहेच. जे फार हलकं असतं, ते हवेबरोबर जातं. केस, खडे, तांदळाचे दाणे, मातीचे कण डब्यात पडतात. पिठासारखी बारीक धूळ मात्र वावटळीतूनही सुटते आणि पुढच्या फिल्टरवर जाऊन बसते.

म्हणून प्रत्येक बॅगलेस यंत्रात फिल्टर असतातच. साधारणपणे मोटरच्या आधी स्पंजचा एक, आणि हवा बाहेर पडते तिथे दुसरा. बॅगलेस म्हणजे 'फिल्टरलेस' नव्हे. हा एक मुद्दा लक्षात आला की पुढचे बहुतेक फायदे-तोटे आपोआप कळतात.

बॅग गेली कशी?

१९०१ साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने हवा ओढून सफाई करणारं यंत्र बनवलं. ते एवढं मोठं होतं की घोडागाडीवरून आणून घराबाहेर उभं करावं लागे आणि खिडकीतून पाईप आत सोडावे लागत. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने जमिनीवर घसरत जाणारं आडवं यंत्र बाजारात आणलं. आजचा कॅनिस्टर त्याच घराण्यातला.

भारतात व्हॅक्युम क्लीनर घराघरात माहीत झाला तो युरेका फोर्ब्समुळे. १९८२ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीत इलेक्ट्रोलक्सचीही भागीदारी होती. टाय घातलेले विक्रेते दारोदार जाऊन गादीतली धूळ काढून दाखवायचे. शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत 'युरोक्लीन' हे नाव त्यातूनच पोचलं.

पिशवीला पर्याय शोधला जेम्स डायसन या इंग्रज डिझायनरने. पिशवीची छिद्रं धुळीने बुजली की यंत्राची ओढ कमी होते, हे त्याच्या लक्षात आलं. लाकडाच्या कारखान्यात भुसा वेगळा करायला वावटळीच्या तत्त्वावरचा मोठा शंकू असतो, तो त्याने पाहिला आणि तेच तत्त्व घरगुती यंत्रात आणायचं ठरवलं. त्यासाठी त्याने ५,१२७ नमुने बनवले. १९९३ मध्ये त्याचं डीसी०१ हे यंत्र ब्रिटनमध्ये विक्रीला आलं आणि पुढे जवळपास प्रत्येक कंपनीने बॅगलेस यंत्रं काढली. आज भारतात पाच-सहा हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत ती मिळतात.

सास्तूरच्या घराचा यात काय संबंध?

संबंध जमिनीचा आहे, म्हणजे घरातल्या जमिनीचा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. सास्तूर हे सगळ्यात जास्त हानी झालेल्या गावांपैकी एक. त्याआधी या भागातली बरीचशी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद. त्याच जड भिंती आणि छतांखाली माणसं गाडली गेली. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि सिमेंटची, सपाट छताची घरं आली.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर व्हॅक्युम क्लीनरचं काही काम नाही, तो सारवणच उखडेल. पण आता घरात कोबा, शहाबादी फरशी किंवा टाईल्स असतात. शहाबाद इथून फार लांब नाही, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. त्यामुळे ती फरशी या भागात सगळीकडे दिसते. तिच्या दोन लाद्यांमधल्या सांध्यात माती अडकून बसते, ती केरसुणीने निघत नाही. हवा ओढणाऱ्या नळीने निघते.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो. परदेशातल्या यंत्रात गालिचा घासायला फिरता ब्रश असतो, त्याची इथे गरज नाही. साधा कॅनिस्टर आणि त्याचं फरशीचं तोंड पुरतं.

फायदे काय?

*बॅगेसाठी अडून राहावं लागत नाही.* शहरात बॅग संपली तर दुकानात किंवा एका दिवसात घरपोच मिळते. गावात नेमक्या त्या मॉडेलची बॅग मिळणं अवघड. ती उमरगा, लातूर किंवा सोलापूरहून आणावी लागते, नाहीतर ऑनलाईन मागवून वाट बघावी लागते. बॅग नाही म्हणून यंत्र पडून, असं बॅगलेसमध्ये होत नाही. गावासाठी हा सगळ्यात मोठा फायदा.

*डबा भरला की दिसतं.* पारदर्शक असल्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. कुडीची फिरकी किंवा नथीतला मोती चुकून ओढला गेला, तर डबा उघडून काढता येतो. पिशवीत गेला तर पिशवी फाडावी लागते.

*ओढ एकसारखी राहते.* पिशवी निम्मी भरली की हवेची वाट अडते. बॅगलेसमध्ये डबा वेळेवर रिकामा केला आणि फिल्टर स्वच्छ ठेवला तर ओढ टिकते. हा 'तर' महत्त्वाचा आहे.

*केरसुणी पोचत नाही तिथे पोचतो.* पलंगाखाली, कपाटामागे, खिडकीच्या सरकत्या पट्टीत, पंख्याच्या पात्यावर, सोफ्याच्या खाचेत. कॅनिस्टरची नळी हलकी असल्यामुळे वर धरून जळमटंही काढता येतात. कंबर दुखणाऱ्या बाईला वाकून झाडण्यापेक्षा उभ्याने हे सोपं जातं.

*धूळ उडत नाही, गोळा होते.* केरसुणीने जड केर पुढे सरकतो, पण बारीक धूळ वर उठते आणि थोड्या वेळाने पुन्हा खाली बसते. यंत्र ती ओढून घेतं. अर्थात फिल्टर धड असेल तरच.

तोटे काय?

*डबा रिकामा करताना धूळ तोंडावर येते.* बॅग असेल तर तिचं तोंड बंद करून ती तशीच टाकता येते, धूळ आतच राहते. बॅगलेसचा डबा उलटा केला की आठवड्याची गोळा झालेली धूळ एकदम बाहेर पडते. त्यातला जड भाग खाली पडतो, बारीक भाग हवेत राहतो. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण तासन् तास हवेत तरंगू शकतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांचा बारीकपणा लक्षात येईल.

*फिल्टर धुवायचं काम वाढतं.* काळ्या रानातली माती वाळली की पिठासारखी बारीक होते. ती वावटळीत पूर्ण अडकत नाही, फिल्टरवर जाते. त्यामुळे शहरातल्या फ्लॅटमध्ये महिन्याने धुवावा लागणारा फिल्टर इथे सुगीच्या दिवसांत आठवड्याला धुवावा लागू शकतो.

*वाळायला वेळ लागतो.* धुतलेला स्पंज पूर्ण वाळायला साधारण २४ तास द्यावे लागतात. एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात तो लवकर वाळेल, पण श्रावणात वाळत नाही. ओलसर फिल्टर बसवला तर यंत्रातून कुबट वास येतो, बुरशी धरते आणि ओलावा मोटरपर्यंत गेला तर ती बिघडते.

*पाणी लागतं.* एका वेळी थोडंच, पण टंचाईच्या उन्हाळ्यात बादलीभर पाण्यालाही हिशोब असतो. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत फिल्टर आधी बाहेर हलकेच झटकायचा आणि मगच कमीत कमी पाण्यात धुवायचा.

*आवाज.* ही मोटर मिनिटाला हजारो फेऱ्या घेते. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती यंत्रांना ८० डेसिबलची मर्यादा घातली, म्हणजे त्याआधी ती किती गोंगाट करत असतील याचा अंदाज येतो. तान्हं बाळ झोपलेलं असताना किंवा दहावीचा अभ्यास चालू असताना हे यंत्र चालवता येत नाही.

*जागा लागते.* पाईप, नळी, दोन-तीन तोंडं, वायर. दोन खोल्यांच्या घरात हे सगळं ठेवायचं कुठे, हा प्रश्न घेण्याआधीच सोडवायला हवा. रोज काढायला-ठेवायला कंटाळा येईल अशा जागी ठेवलं, तर वापरच बंद होतो.

विजेचं काय?

बाजारातली बरीच कॅनिस्टर यंत्रं १,२०० ते २,००० वॉटची असतात. १,४०० वॉटचं यंत्र अर्धा तास चालवलं तर ०.७ युनिट वीज जाते. आठवड्यातून दोनदा वापरलं तर महिन्याला साडेपाच-सहा युनिट. म्हणजे बिलाचा फार बोजा नाही. खरी अडचण तीन ठिकाणी येते.

पहिली, सॉकेट. घरातलं पंखा-टीव्हीचं साधं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला ते जास्तीत जास्त १,३८० वॉट झेपवतं. त्यापेक्षा मोठं यंत्र त्यावर लावलं तर सॉकेट तापतं, वितळतं. त्याला फ्रीज-गिझरसारखं १६ अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग हवं. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर तर अजिबात लावू नका.

दुसरी, इन्व्हर्टर. घरगुती छोट्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालत नाही. दिवे-पंखे चालतात म्हणून लावून पाहिलं तर इन्व्हर्टर ट्रिप होतो. वीज असेल तेव्हाच सफाई, असा नियम करावा लागतो.

तिसरी, कमी दाब. व्होल्टेज उतरलं की या मोटरचा वेग उतरतो आणि ओढ कमी होते. यंत्र 'खेचत नाही' ही तक्रार करण्याआधी दिवे मंद झालेत का, ते बघा.

एक गैरसमजही काढून टाकूया. जास्त वॉट म्हणजे जास्त सफाई असं नाही. वॉट म्हणजे यंत्र किती वीज खातं ते. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १,६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॉटची कमाल मर्यादा आणली, तरी तिथली यंत्रं सफाई करतातच. हवेची वाट, तोंडाची रचना आणि डब्याचं घट्ट बसणं यांवर ओढ ठरते.

पैशांचा हिशोब कसा मांडायचा?

समजा यंत्र ८,००० रुपयांचं आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे हे यंत्र साधारण दीड क्विंटल सोयाबीनचं, तेही हमीभाव मिळाला तर. बाजारात भाव त्याखाली असेल तर आणखी जास्त. शेतकरी घरात खर्च असाच मोजला जातो आणि तो तसाच मोजायला हवा.

आता बॅगेची बचत. उदाहरणादाखल धरूया की एक बॅग ८० रुपयांना आहे आणि महिन्याला एक लागते. वर्षाला ९६० रुपये झाले. बॅगलेसमध्ये हे वाचतात. पण बॅगलेसचे फिल्टरही कायम टिकत नाहीत. धुऊन धुऊन स्पंज विरतो, हवा बाहेर पडते तिथला फिल्टर तर अनेकदा धुताच येत नाही, बदलावाच लागतो. फिल्टरचा संच ६०० रुपयांना मिळतो आणि वर्षातून एकदा बदलावा लागतो असं धरलं, तर खरी बचत ३६० रुपये. हे आकडे फक्त हिशोबाची रीत दाखवायला आहेत. तुम्ही बघत असलेल्या मॉडेलच्या बॅगेची आणि फिल्टरची किंमत विचारून हीच वजाबाकी करा. जाहिरातीतला 'शून्य खर्च' कुठल्याच मॉडेलमध्ये निघत नाही.

घरात दम्याचा माणूस असेल तर?

'आईला दमा आहे म्हणून घेतो' असं सांगून हे यंत्र अनेकदा घेतलं जातं. हेतू चांगला आहे, पण दोन गोष्टी तपासायला हव्यात.

एक, हेपा फिल्टर आहे का. अमेरिकी व्याख्येनुसार खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. खोक्यावर 'हेपा टाईप' किंवा 'हेपा सारखा' असं लिहिलं असेल तर ती हमी नाही. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी डब्याच्या झाकणाचं रबर सैल असेल, तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते आणि आत गेलेली धूळ खोलीत परत येते.

दोन, डबा कोण रिकामा करणार. ज्या आईसाठी यंत्र आणलं, तिनेच रोज डबा झटकायचा असेल तर तिला केरसुणीपेक्षा जास्त धूळ खावी लागेल. तिच्या घरात दुसरं कुणी हे काम करणार नसेल, तर बंद होणारी बॅग असलेलं यंत्र घ्या आणि वर्षभराच्या बॅगा एकदमच मागवून ठेवा. चार पैसे जास्त जातील, पण ज्या कारणासाठी यंत्र घेतलं ते कारण तरी पूर्ण होईल.

आणि यंत्र म्हणजे औषध नव्हे. धाप लागत असेल, रात्री खोकला उठत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. सास्तूरमध्येच स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. डॉक्टरांनी दिलेला पंप व्हॅक्युम क्लीनर आला म्हणून बंद करायचा नाही.

या गोष्टी यंत्राने ओढू नका

- चुलीची किंवा अगरबत्तीची राख. वरून थंड दिसली तरी आत निखारा असू शकतो, आणि राखेने फिल्टर लगेच बुजतो.
- सिमेंट, चुना, पुट्टीची धूळ. बांधकामानंतरची सफाई या यंत्राची नाही.
- बियाण्याला लावायची बुरशीनाशक पावडर किंवा कीटकनाशक भुकटी. बारीक भाग फिल्टरमधून सुटून घरभर पसरू शकतो.
- फटाक्यांची दारू. मोटरमध्ये ठिणग्या पडतात.
- पाणी, ओला केर. साध्या कॅनिस्टरला चालत नाही. त्यासाठी ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं वेगळं यंत्र येतं.
- अंगणातली माती आणि मळणीनंतरचं भुसकट. त्याला खराटाच बरा.

डबा रिकामा करायची नीट पद्धत

1. प्लग काढा. फक्त बटण बंद करून भागत नाही.
2. डबा घराबाहेर न्या. वारं पाठीमागून येईल असं उभं राहा. नाका-तोंडाला मास्क किंवा ओढणी-गमछाची दुहेरी घडी बांधा. मास्क जास्त चांगला.
3. डब्याचं तोंड मोठ्या पिशवीत घालून, पिशवी वरून हाताने आवळून मगच झाकण उघडा. धूळ बसायला मिनिटभर द्या.
4. पिशवीत थोडं पाणी शिंपडून तोंड बांधा. उकिरड्यावर कोरडी धूळ ओतली तर वाऱ्याने तीच परत घरात येते.
5. डबा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. फिल्टर सावलीत, वाऱ्यावर वाळवा.

डबा गच्च भरायची वाट बघू नका. खुणेपर्यंत आला की रिकामा करायचा. खुणेच्या वर गेला की धूळ थेट फिल्टरवर चढते. शक्य असेल तर फिल्टरचा जास्तीचा एक संच घेऊन ठेवा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा वापरता येतो. पावसाळ्यात याचा फार उपयोग होतो.

घेताना काय विचाराल?

- या मॉडेलचा फिल्टर वेगळा विकत मिळतो का आणि कितीला?
- माझ्या पिनकोडवर सर्व्हिस आहे का, की यंत्र शहरात न्यावं लागेल?
- प्लग ६ अँपिअरचा आहे की १६ अँपिअरचा?
- डबा तळातून एका बटणाने उघडतो का? हात आत घालावा लागू नये.
- डबा किती लिटरचा आहे? दीड-दोन लिटरचा घरगुती वापराला पुरतो.
- वायर आणि पाईप मिळून पलंगामागच्या कोपऱ्यापर्यंत पोचेल का?
- फरशीच्या तोंडाला केसांची किंवा मऊ कडा आहे का? नसेल तर शहाबादीवर खरखर आवाज येतो आणि तोंड झिजतं.

बिघडलं तर?

इथे गावाची एक जमेची बाजू आहे. शेतीपंपाच्या मोटारी भरणारे कारागीर तालुक्याच्या ठिकाणी असतात. वायर तुटणं, बटण जाणं, मोटरमधले कार्बन ब्रश झिजणं, ही कामं त्यांच्यातले अनेक जण करून देऊ शकतात. वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेर उघडू नका, ती रद्द होऊ शकते.

जे कारागिराकडे होत नाही ते म्हणजे डब्याची तुटलेली कडी, सैल झालेलं रबर, तडकलेलं झाकण, फिल्टर. हे सगळं त्या-त्या कंपनीचं, त्या-त्या मॉडेलचंच लागतं. बॅगलेसमध्ये डबा वरचेवर काढावा-घालावा लागत असल्यामुळे हेच भाग आधी जातात. म्हणून अनोळखी नावाचं, फार स्वस्त यंत्र घेताना सुटे भाग मिळतील का, याची खात्री करा.

वॉरंटी असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तू कुठूनही मागवली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. म्हणजे सास्तूरच्या ग्राहकाला धाराशिवच्या जिल्हा आयोगात जाता येतं, कंपनीच्या शहरात नव्हे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. बिल आणि वॉरंटी कार्डाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

मग कुणी घ्यावा, कुणी नाही?

घ्यावा: घरात फरशी किंवा टाईल्स आहेत, १६ अँपिअरचं सॉकेट आहे, गाद्या-सोफा-कपाटं बऱ्यापैकी आहेत, आणि फिल्टर धुणारं-डबा रिकामा करणारं धडधाकट माणूस ठरलेलं आहे.

बॅगेचा घ्यावा: मुख्य कारण दमा किंवा ॲलर्जी आहे आणि यंत्र चालवणारं माणूसच आजारी आहे.

घेऊ नये: घर अर्धं सारवणाचं आहे, वीज बेभरवशाची आहे, किंवा हे पैसे दुसऱ्या गरजेतून काढावे लागणार आहेत. मास्क बांधून झाडणं, त्यावर ओलं फडकं फिरवणं आणि आठवड्याला अंथरुणं कडक उन्हात टाकणं, यानेही धूळ बरीच आटोक्यात राहते आणि त्याला जवळपास काहीच खर्च नाही.

घेतलात तरी केरसुणी टाकून देऊ नका. रोजचा केर काढायला यंत्र बाहेर काढणं कुणालाच परवडत नाही, वेळेच्या हिशोबानेही नाही. लक्ष्मीपूजनाला आपण जिची पूजा करतो ती केरसुणी रोजच्या कामाला, आणि आठवड्याची सफाई, गाद्या, जळमटं, 'दसरा काढणं' यासाठी यंत्र, अशी वाटणी केली तर दोन्ही टिकतात. ऑर्डरचं बटण दाबण्याआधी मात्र पुण्या-मुंबईतून आईला एक फोन करा आणि विचारा, हा डबा आठवड्याला रिकामा कोण करणार? त्याचं उत्तर मिळालं की बॅगचा घ्यायचा की बॅगलेस, हे ठरवायला फार वेळ लागणार नाही.